सात बैलांचं फूल

“सेप्टेन्ट्रिओनालिस? हे फुलाचं नाव आहे की आजाराचं?” बागेच्या संचालकांनी कागद टेबलावर आपटला.

“उत्तरेकडचं, असा अर्थ आहे, सर.” संशोधक बाई उभ्याच होत्या. “लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, ट्रिओनेस म्हणजे नांगराचे बैल. आपले सप्तर्षी त्या लोकांना बैल दिसले. ते तारे उत्तरेला, म्हणून दिशेला नाव बैलांचं.”

“ऋषींचे बैल केले! आणि फुलाच्या नावातला पहिला शब्द स्त्रीलिंगी आहे ना? मग याचा शेवट बदलायला नको?”

“नको. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी, दोन्हींना हेच चालतं. नपुंसकलिंगी असतं तर सेप्टेन्ट्रिओनाले झालं असतं.”

व्याकरणात डाळ शिजेना, तेव्हा साहेब मुद्द्यावर आले. त्यांचे सासरे बागेचे मोठे देणगीदार. नव्या फुलाला सासऱ्यांचं नाव हवं होतं.

“मागच्या फुलाला तुमचं नाव दिलं,” बाई म्हणाल्या. “जागेसकट छापून आलं आणि चोरून विकणाऱ्यांनी कंदासकट उपटून नेलं. आज एक रोप शिल्लक नाही.”

“त्यात माझ्या नावाचा काय दोष? बरं, हे सापडलं कुठे?”

“नावातच आहे, सर.”

“बाई, नोकरीचा विचार करा.”

“केला. फूल मी शोधलं, नाव मीच ठेवणार. काढायचं तर काढा. दुसरीकडून छापीन, पण हेच छापीन!”

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, एका शब्दापायी एवढा हट्ट? छापलेलं नाव पुन्हा बदलत नाहीत म्हणे.”

“नाही बदलत. चुकीचं निघालं तरी नाही.”

“मग थोडं नमतं घे ना.”

“मोडेन, पण वाकणार नाही,” बाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

नोकरी गेली. नाव मात्र बाईंनी ठेवलेलंच छापून आलं.

लगेच कुदळी घेतलेली माणसं शहराच्या उत्तरेच्या डोंगरावर तुटून पडली. दगड न् दगड उलथला. शेवटी शिव्या घालत, हात हलवत परतली.

साहेबांना राहवलं नाही. त्यांनी फोन केला. “संपलं वाटतं तुमचं फूल! एवढा थयथयाट करून मिळवलंत काय?”

“असू दे, सर,” बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

फोन पिशवीत टाकून त्यांनी शहराच्या दक्षिणेच्या डोंगराचा शेवटचा चढ चढला. त्याच फुलांचे ताटवेच्या ताटवे उमलले होते.