डोळ्याखालचा दिवा

"मॅडम, थेंबांचा परिणाम रात्रीपर्यंत राहील. आज गाडी चालवू नका," प्रयोगशाळेतली सहायक मृण्मयी म्हणाली.

प्राध्यापक सुलक्षणा तोडणकरांची नजर माशाच्या टाकीवरून हलेना. खोल समुद्रातल्या या शिकारी माशांचं वर्गीकरण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जबड्याला खालचं कातडं नसलं की एक जात, हनुवटीला लांब मिशी असली की दुसरी. डोळ्याखालची ग्रंथी मात्र स्पिरिटच्या बाटलीत कायम पांढरीफटक. आज जिवंत माशाची ग्रंथी लालबुंद पेटली होती. हा उजेड एरवी फक्त त्याच जातीला दिसतो; माणसाला त्यासाठी डोळ्यांत हे थेंब घालावे लागतात.

"शिकारीसाठीच ना हा दिवा?" मृण्मयीनं विचारलं.

"मग आणखी कशाला?" सुलक्षणाबाई म्हणाल्या.

त्या रिक्षानं घरी आल्या. नवरा, वामनराव, नेहमीसारखे अंधारात बसले होते. समुद्रतळाच्या खाणीत उतरणाऱ्या सगळ्यांसारखी त्यांच्याही डोळ्यांखाली, तिथल्या अंधारात दिसावं म्हणून, हीच ग्रंथी बसवलेली होती. निवृत्तीनंतर ती विझली, असं सुलक्षणाबाई धरून चालल्या होत्या. पक्षाघातानं वाचा गेल्यापासून तर हूं नाही की चूं नाही. "मी आले काय, गेले काय, यांना पत्ताच नसतो," असं त्या सगळ्यांना सांगत.

"अहो, आले मी," म्हणत त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

वामनरावांच्या डोळ्यांखाली लाल उजेड फुलला.

सुलक्षणाबाईंचा हात तिथेच थांबला. "अहो?"

उजेड आणखी वाढला.

अंधारातच त्यांच्याजवळ बसून सुलक्षणाबाईंनी फोन लावला. "मृण्मयी, ती थेंबांची बाटली मला हवी. आणि शिकारीचं मघाशी मी चुकीचं सांगितलं गं."