मेथीच्या पाण्यावर

“हे तुमचं काम ना?” पुण्याहून आलेल्या मॅडमनी रंगीत कागद उजेडाकडे धरला.

“छे हो, पोरीचं,” निवृत्ती म्हणाला.

“तुमच्याहून सरस आहे, काका.”

“मग! पोर कुणाची?” निवृत्ती हसला. साक्षी लाजून चूर झाली.

मेथीच्या बुळबुळीत पाण्यावर रंग तरंगत ठेवायचे, काडीने लहरी काढायच्या आणि कागदावर अलगद उचलायच्या, ही अबरीची कला तिला बापानेच शिकवली होती. आज मॅडमच्या डोळ्यांदेखत एक कागद उतरला की पुण्यात त्यांच्याकडे नोकरी पक्की. नाहीतर रविवारी दिंडोरीच्या मुलाशी सुपारी फोडायची, असं तिच्या आईने, सगुणाबाईने, बजावलेलं. सगुणाबाईला ही थेरं मुळीच पटत नव्हती. “कागद रंगवून कुणाचं भलं झालंय?” हे तिचं पालुपद.

रिवाजाप्रमाणे निवृत्तीने ट्रेमध्ये बोट फिरवून पाण्याचा दाटपणा पाहिला. “झकास! कर सुरू, बाळा.”

साक्षीने निळा शिंपडला. थेंब फाटला आणि कडेला पळाला. लाल तर थेट तळाला गेला.

“अरेरे, साबण!” निवृत्ती हळहळला. या कामात साबणाचा अंशही चालत नाही. “सगुणा, ट्रे तू धुतलेस ना?”

“नुसत्या पाण्याने धुतले हो! देवाशप्पथ!”

“असू दे. दुसरा घेऊ.” त्याने दुसऱ्या ट्रेमध्येही बोट फिरवलं, मान डोलावली.

तिथेही तेच झालं. मॅडमनी पर्स उचलली. “नमुना छान होता, पण मला रोज कागद उतरवणारा हात हवाय.” निवृत्तीने गाडीपर्यंत जाऊन विनवण्या केल्या. त्या थांबल्या नाहीत.

साक्षी आईवर उसळली. “लग्नासाठी केलंस ना हे? आई नाहीस तू, वैरीण आहेस! दे उजवून. पण या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही मी!”

“अगं, मी कशाला...” सगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला.

निवृत्तीने लेकीला जवळ घेतलं. “आईला असं बोलू नये गं.”

“बाबा, तुम्ही एकटेच आहात माझे,” ती हमसून हमसून रडली आणि आत निघून गेली.

निवृत्ती मोरीपाशी बसला. बोटाच्या नखात उरलेला साबण त्याने सावकाश कोरून काढला, हात स्वच्छ धुतले आणि हाक मारली, “सगुणा, रडतेस काय? दिंडोरीला फोन लाव.”