चाखायला चौघं

फ्रान्समधल्या बर्गंडीचा नकाशा तिने जेवणाच्या टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर सरबताचे चार ग्लास ठेवले. नवरा, नणंद आणि नणंदेचा नवरा भोवती वाकले.

"पहिला मुक्काम इथे, उत्तरेला," तिने बोट ठेवलं. "इथली पांढरी वाइन जिभेवर ओल्या दगडासारखी लागते म्हणतात."

"अहो वहिनी, वाइन प्यायला जातोय की भिंती चाटायला?" नणंदेचा नवरा म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. चहाच्या कंपनीत ती चव तपासायची. तिने मान डोलावल्याशिवाय तिथलं एक पोतं हलत नसे. फ्रान्सची ही सहल तिच्याच डोक्यातली, कैक वर्षांची. "द्राक्षाच्या रसासाठी साता समुद्रापार?" म्हणून नवरा उडवून लावायचा. गेल्या वर्षी तिच्या घशावर उपचार झाले. जीव वाचला, चव गेली. मीठ कुठलं आणि साखर कुठली, हे आता डोळ्यांनी पाहावं लागे. चव परत येईल का, यावर डॉक्टर हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते. तेवढ्यावर तिने सहल आखायला घेतली होती, आणि या खेपेला नवराही तयार झाला होता.

"तिथे म्हणे वाइन चाखून थुंकून टाकतात," नणंद म्हणाली.

"थुंकायलाच हवी, वन्सं. नाहीतर थोड्याच वेळात जीभ बधिर होते. आम्ही चहासुद्धा थुंकायचो."

"एवढ्या लांब जाऊन थुंकायचं? आपण नाही बुवा!" नणंदेचा नवरा म्हणाला. "आपण पिणार!"

"प्याल हो. पण एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना गाडी कोण चालवणार? पोलीस धरतील ना," नणंदेने विचारलं.

मग नवऱ्याने चुटकी वाजवली.

"अरे, ही आहे की! हिला पाणी काय नि वाइन काय, सारखंच."

"घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा!" नणंदेच्या नवऱ्याने टाळीसाठी हात पुढे केला. नवऱ्याने टाळी दिली.

नणंदेने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि समोरचा ग्लास उचलून तोंडाला लावला. नकाशाचा तो कोपरा गुंडाळला गेला.

तिने उरलेले तीन ग्लास एकेक करून बाजूला ठेवले. नकाशाची घडी घातली, नखाने दाबून.

"तुम्ही तिघं जाऊन या," ती म्हणाली. "मी नाही येत."

ती घडीवरून बोट फिरवत राहिली.

"असं काय करतेस गं?" नवरा अगदी कळवळून म्हणाला. "मग गाडीचं काय करायचं?"