मधल्या बटणाचा आवाज

“आता?” दशरथने विचारलं आणि उत्तराच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

उत्तराने मांडीवरच्या, स्पीकरला जोडलेल्या गिटारच्या तारा छेडल्या. “आवाज अजून पातळच आहे,” ती सावकाश म्हणाली. “डब्यात खडे वाजवल्यासारखा.” आणि हसली.

मालन चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दशरथचं ते बघणं तिने बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आपल्या तोंडाकडे या माणसाने असं कधी बघितल्याचं तिला आठवेना.

उत्तरा मुलुंडची. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. एका गाण्याला जाड आवाज लागायचा, दुसऱ्याला बारीक, आणि दोन गिटारी घेऊन हिंडणं तिला परवडणारं नव्हतं. तारांखाली दोन पिकअप होते, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेल्या दोन पट्ट्या. तारांची थरथर पकडतात त्या याच. दशरथ त्यांच्या वायरी सोडवून नवी बटणं बसवत होता. एका बटणावर एकच पट्टी बोलायची, दुसऱ्यावर दुसरी, मधल्यावर दोन्ही. दोन संध्याकाळींचं काम आहे, असं तो म्हणाला होता. आज दहावा दिवस.

“मीटर आहे ना तुमच्याकडं? सुई बघून कळत नाही काय?” मालनने तिसऱ्याच दिवशी दारातून विचारलं होतं. त्याने वळूनही बघितलं नव्हतं.

मरोळच्या कारखान्यातली पत्रा ठोकायची मशिनं अकरा वर्षं चालवून तो घरी बसला होता. खिडकीशी टेबल मांडून दुरुस्तीची कामं घ्यायचा. भांडुपच्या टेकडीवर त्याच्या हाताला नाव होतं. पण दिवाळीपासून तो रेडिओ घेईनासाच झाला. कुणी आणला की “टाइम नाय” म्हणून परत पाठवायचा. उत्तरासाठी मात्र त्याच्याकडे टाइमच टाइम होता.

आणि ती बाई तरी कशी बोलायची? एकेक शब्द चघळल्यासारखा, ओठ पुरते उघडून. लाडात येऊन.

“गो मालन,” शेजारची सोनूबाई नळावर म्हणाली होती, “वायरी जोडूक बाईच्या तोंडाकडं कित्याक बघूचा लागता?”

“बाजा त्यांचा. त्यांनाच कळणार ना, बरोबर वाजतो की नाय,” मालन म्हणाली. स्वतःचंच बोलणं तिला पोकळ वाटलं.

“होय तर. आणि घोव तुझो.”

रविवारी शर्ट भिजत घालताना खिशात चिठ्ठी सापडली. वळणदार बायकी अक्षर. ‘मालनवहिनींना सांगितलंत का? किती दिवस लपवणार आहात?’

मालनने चिठ्ठी देवाच्या फोटोमागे ठेवली आणि शर्ट धुऊन वाळत घातला. जाब विचारायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. म्हणून तिने अबोला धरला. ताट समोर सरकवायची, चहा टेबलावर आदळायची. सोमवार गेला, मंगळवार गेला. बायको बोलत नाही, याचा दशरथला पत्ताच नव्हता. जेवायचा, हात धुवायचा, टेबलाशी बसायचा. अबोला धरावा आणि तो समोरच्याला कळूही नये, याच्याहून मोठा अपमान मालनला माहीत नव्हता.

आज गुरुवार. उपासाच्या दिवशी तोंडातून वाकडा शब्द जाऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम होता. ती दिवेलागणीपर्यंत थांबली. देवापुढे वात लावली, आरती म्हटली, नैवेद्याचं केळं खाऊन उपास सोडला. मग पदर खांद्यावरून घट्ट ओढून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन बोलायचं नाही, काय सांगायचं ते मागून, दारातून सांगायचं, ही आईची शिकवण तिने आजवर मोडली नव्हती. आजही मोडली नाही.

दशरथची पाठ तिच्याकडे होती. उत्तराचं तोंड होतं.

“अहो,” मालन म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा आला. “मी उद्या सकाळच्या यष्टीने देवगडला भावाकडे चाललेय. परत यायचं की नाही, ते तुम्ही सांगा. या बाईंच्या देखत सांगा.”

दशरथने सोल्डरिंगची तापलेली कांडी वायरीला टेकवली. धुराची बारीक रेघ वर गेली. त्याने फुंकर घातली, तार ओढून बघितली, पक्की झाल्याची खात्री केली.

“चौदा वर्षं झाली,” मालन म्हणाली. “एक शब्द पण नाय काय तुमच्याकडे माझ्यासाठी?”

त्याने मधलं बटण दाबलं, मान वर केली आणि उत्तराच्या तोंडाकडे बघितलं.

“आता?” त्याने विचारलं.

उत्तराने तारांना हात लावला नाही. तिचा चेहरा उतरला होता. तिने एकदा दशरथकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून मालनकडे.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “समोर येऊन बोला. ओठ दिसल्याशिवाय त्यांना आता काही कळत नाही.”