आधीचे सदतीस

"नंबर एक! एक नंबर कोण हाय?" वीरेशनं चौथ्यांदा हाक मारली. बाकावर मुंगीला जागा नव्हती, पण उठलं कुणीच नाही. सगळे दाराकडं बघायला लागले. वीरेशही बघायला लागला.

दिंद्रुडच्या या दातांच्या दवाखान्यात नंबराची चिठ्ठी काढणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. पण दर वेळी प्रोग्रॅम नव्यानं सुरू व्हायचा आणि मागचं सगळं विसरायचा. काल त्यामुळं झाडून सगळ्यांना एकच नंबर मिळाला, एक. दात उपटायला पहिलं कोण जातंय? "तुमी व्हा म्होरं." "न्हाई न्हाई, आदी तुमी." यातच दिवस मावळला. डॉक्टर म्हणजे त्याची सख्खी भावजय, सुकन्यावहिनी. कुलूप लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, उद्या पुन्हा असं झालं, तर परवापासून आपल्या अप्पांच्या दुकानात खताच्या गोण्या उचला."

म्हणून आज दवाखाना उघडायच्या आधीच येऊन त्यानं इलाज केला होता. शेवटचा नंबर फाईलमध्ये जपून ठेवायचा, पुढच्या वेळी तो वाचून त्यात एक मिळवायचा. चाललं. खात्री पटेना म्हणून पुन्हा दाबलं. मग वायर उपटून दाबलं, कॉम्प्युटर बंद-चालू करून दाबलं, शेवटी महादेवाचं नाव घेऊन डोळे मिटून दाबत राहिला. नंबर काही मागं येईना. त्याला भरून आलं.

आतला पडदा सरकला. "एवढी माणसं बसलीत, आन् आत कुणी येईना कावून?" वहिनींनी विचारलं.

सुजलेल्या गालाला उपरणं बांधून धुळाजी मेंढपाळ सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. त्यानं चिठ्ठी पुढं केली. "माजा अडतिसावा हाय, बाई. आधीचे सदतीस यायचेत अजून. येऊ द्या सावकाश. मला काय लई घाई न्हाई."

"कोण हे सदतीस?"

वीरेशनं हळूच हात वर केला. "मीच, वहिनी. सकाळी... चालतंय का ते बघत होतो."

मग धुळाजी मोठ्या अदबीनं पाय आखडून वाट देत म्हणाला, "मंग व्हा म्होरं, मालक. नंबरानं जायचं."

वहिनींनी खुर्चीवरचा दिवा लावला आणि पक्कड उचलली.

वीरेशनं जिभेनं मोजून पाहिलं. नंबर सदतीस होते. दात बत्तीसच.