अननसातला मासा

गृहशास्त्राच्या परीक्षेत यंदा पहिली मीच येणार, हे मी आमच्या त्रियोले गावच्या बसमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं. आठवडाभर आधी पदार्थांच्या चिठ्ठ्या काढल्या, माझ्या चिठ्ठीत निघालं, अननस आणि पपई घालून भाजलेला मासा. परीक्षा नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशी, आणि आमच्या घरात पंधरा दिवस मासळी बंद.

आई म्हणाली, "शिजव गं बाय, शाळेचं काम आहे. पण जिभेला लावलंस तर उद्या आरतीला उभी राहू नकोस."

मग काय, बिनकाट्याचे काप ट्रेमध्ये मांडले, वर अननसाच्या चकत्या आणि पपईचा गर, मीठ अंदाजानेच टाकलं. ओव्हनमधून असा वास सुटला की सगळ्या मुली माना वळवून बघायला लागल्या. पण निम्मे गुण चवीचे होते, आणि मी चव घेतलीच नव्हती.

राजधानीतून, पोर्ट लुईहून आलेल्या परीक्षक बाई सकाळपासून सगळ्यांशी फ्रेंचच बोलत होत्या. माझंच टेबल पहिलं. त्यांनी चमचा उचलला, माशाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. मग टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून, इकडेतिकडे बघत, वाकून, हळूच मराठीत म्हणाल्या,


"आमच्याकडे पण उद्या गणपती बसतोय गं. तूच सांग, मीठ बरोबर पडलंय ना?"