हात न लावायच्या सहा ओळी

लायसनने मक्याचं आणखी एक ताट वाकवलं आणि पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, बोट घालून चाचपलं. आत काही नव्हतं. ना अळी, ना तिचा भुसा. त्याने पुढचं ताट धरलं. बांधावर उभी असलेली चाळीसेक माणसं माना उंचावून बघत होती.

शेत एनेलेसीआजीचं. पेरणीनंतरच्या पहिल्या वर्गात शेतीखात्याच्या या तरुणाने ते दोन भागांत वाटलं होतं. उजवीकडच्या सहा ओळींवर दर चार दिवसांनी उसिपाचं, म्हणजे तळ्यातल्या बारीक सुक्या मासळीचं पाणी शिंपडायचं. वासाने मुंग्या वर चढतात आणि पोंग्यातली लष्करी अळी ओढून नेतात. डावीकडच्या सहा ओळींना हातसुद्धा लावायचा नाही. अळीने खाल्ल्या तर खाऊ द्यायच्या, म्हणजे फरक गावाला आपल्या डोळ्यांनी दिसेल. आजीने सगळ्यांसमोर हात वर करून कबूल केलं होतं. एवढंच नाही, सगळा धडा चर्चमधल्या चालीवर बसवून तिने तो गायलाही होता. बायकांनी धृपद धरलं, आणि वर्गात डुलक्या घेणाऱ्यांनाही तो पाठ झाला.

आज फरक दाखवायचा दिवस होता. आणि दोन्हीकडचा मका सारखाच हिरवागार उभा होता.

लायसन ओळीतून बाहेर आला. हात पँटला पुसत त्याने हळूच विचारलं, "आजी, डावीकडच्या ओळींना कुणी हात लावला होता का?"

आजीने बांधाकडे पाहिलं. सगळी तिच्याच चर्चच्या मंडळीतली माणसं.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "कोण लावणार?"

छपरं शाकारणारा गेरसोमु खाकरला. तो म्हणाला की यात कोडं कसलं, आजीच्या शेतात शिरायची अळीची छातीच होत नसेल. जिच्या आवाजाने रविवारी पाद्रीसाहेबांचे डोळे भरून येतात, तिचं शेत देव राखणार नाही तर कुणाचं राखणार. मग लायसनकडे वळून म्हणाला, "मासळी मात्र बिचाऱ्या मुंग्यांनी खाल्ली. या टंचाईत आमच्यापेक्षा त्याच बऱ्या जेवल्या की, साहेब."

लोक पोट धरून हसले. लायसनही हसला, उशिरा.

त्याने बरोबर मासळीचं पोतं आणलं होतं. घरटी एक पुडी. उद्यापासून जो तो आपापल्या शेतात सुरुवात करील, असं ठरलेलं होतं. पुड्या वाटताना कुठल्या मडक्यात किती पाणी, हे तो सांगत राहिला. माणसं पुडी नाकाशी नेत, मान डोलवत आणि घराची वाट धरत.

आजीची लेक फालेसी रांगेत उभी होती. तिचा मका वाटेपलीकडेच होता. पानांची चाळण झालेली, पोंगे कुरतडलेले. तरी निम्मी ताटं अजून वाचण्याजोगी होती. पुडी घेताना फालेसीने शेताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा," आजी म्हणाली. "मीच वेचल्या."

वळलेली माणसं थबकली.

"रोज उजाडताना जायचे. अळ्या वेचायचे, अंडी पानावरच चिरडायचे. सहाही ओळी. माझ्या हातांनी लावलेलं ताट डोळ्यांदेखत कुरतडतात, मला बघवेना. उजवीकडे मी फक्त मासळीचं पाणी घातलं. तिकडच्या अळ्या खरंच मुंग्यांनी नेल्या."

मग मंडळीच्या वडील बाई, वेलेनासी, पुढे आल्या आणि त्यांनी आजीचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एनेलेसी, परक्याच्या पोराची लाज राखायला बघतेस होय? अगं, आत्ताच तर नाही म्हणालीस. आणि तू खोटं बोलत नाहीस, हे का आम्हाला ठाऊक नाही?"

लायसनची नजर आजीच्या अंगठ्यावर गेली. नखाखाली हिरवट काळं साचलं होतं. तो मोठ्याने म्हणाला, की आजी खरं सांगतेय, अळ्या रोज वेचायला माणूस कुठून आणणार, म्हणून तर मुंग्या. दोनदा म्हणाला.

"तुम्ही असं म्हणणारच, साहेब," गेरसोमु चालता चालता म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

लायसनने रिकाम्या पोत्याची घडी केली, सायकलला बांधली. आजी जवळ जाऊन उभी राहिली. तो सायकलवर बसला. पुढच्या गावाचा वर्ग दोन वाजता होता.

दुपार कलायच्या आत घराघरांतून टोमॅटोत परतलेल्या मासळीचा वास येऊ लागला. फालेसीने आईला जेवायला बोलावलं. न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, गरम गोळे वाढले, त्यांच्याशेजारी मासळी. बऱ्याच दिवसांनी पोरं भांडणाशिवाय बसली होती.

"ही शेतासाठी होती गं," आजी म्हणाली.

"शेतात काय उरलंय, आई?" फालेसी वाढता वाढता म्हणाली. "आणि तुझ्यासारखी प्रार्थना मला कुठं येते?"

तिने पोरांना गप्प केलं. चौघांनी हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि आजी सुरुवात करील म्हणून वाट पाहू लागली.

मासळी निवत चालली. धाकट्याने एक डोळा उघडून पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतला.